पाठीवरची टोपली

हसू नका रे. माझ्या साडूवर, माजिलिनवर गुदरलेली गोष्ट आहे. त्याला विचाराल, तर तो उठून जाईल.

गेल्या सप्टेंबरातली अमावास्या. आईच्या दम्याचं औषध आणायला तो रानाऊ गावच्या बाजारात गेला होता. परतताना फटफटी बंद पडली, म्हणून त्याने डोंगरातली जुनी वाट धरली.

डोकं आधीच तापलेलं. रानाऊतल्या नव्या हॉटेलात भिंतीवर एका गोऱ्या साहेबाचा फोटो होता. खाली लिहिलेलं, याने किनाबालू डोंगरावर दुर्मिळ ऑर्किड शोधलं. शोधलं म्हणे! जागा दाखवली माजिलिनच्या पणजोबाने, गुंटिंगने. टोपल्याही त्यानेच वाहिल्या. याच जुन्या वाटेवर त्याला ताप भरला, तेव्हा साहेब म्हणाला, "इथेच थांब, मी येतो." आणि बाकीचे हमाल घेऊन खाली उतरला तो उतरलाच. विलायतेच्या बोटीवर फुलांना रोज पाणी मिळालं. गुंटिंग वाट बघत तिथेच मेला, त्याला घोटभर कुणी दिलं नाही. वर फुलाला नाव साहेबाचं! मेल्याला लाज कशी वाटली नाही?

तर त्या वाटेच्या एका वळणावर कुणीतरी उभं होतं. वाकलेलं. पाठीवर टोपली.

तुम्ही हल्ली पिशव्या दारात आपटता. पूर्वी वाहणारा आपलं ओझं आपण उतरवत नसे. घरचं माणूस मागे जाऊन उतरवायचं.

"कोण आहे?"

"साहेब... आले का?"

माजिलिनचा पारा चढला. "साहेब मेला! कधीच मेला तो चोर! टाक ती टोपली!"

टोपली पाठीवरच राहिली.

"घरचं कुणी... आलं नाही."

माजिलिनने ओळखलं, हा गुंटिंग. तरी राग हटेना.

"आलोय ना मी! पणतू आहे तुझा. चल घरी. कुणाच्या बापाची वाट बघायची नाही आता."

तो पुढे निघाला. मागे वळला नाही. मागे पावलं... टोपलीची करकर... थंडगार श्वास मानेवर.

दारात आई उभी. डोळ्यांत मोतीबिंदू. तिने औषध घेतलं. मग त्याच्या मागे गेली, अंधारात दोन्ही हात वर केले आणि कण्हत काहीतरी खाली ठेवलं.

"केवढं जड रे! इतका वेळ कुणीच उतरवलं नाही?"

माजिलिनच्या पाठीवर काही नव्हतं.

सकाळी ओसरीच्या फळ्यांवर टोपलीच्या बुडाएवढं गोल ओलं उमटलेलं. त्यानंतर तीन महिने पाऊस नव्हता. आईने पुसलं, घासलं, वर निखारे ठेवले.

आजही हात लावला तर ओलंच लागतं.