मानेतला नंबर

बसा रे दोघं. प्राची, दार नुसतं लोटून घे, कडी नको लावूस. का ते सांगतो.

समोरचा कुलूप लावलेला फ्लॅट पाहिलात ना? तिथे देवेश आणि चारुता राहायचे. नवराबायको आणि दोन कुत्री. काजू गोरीगोमटी, लाडावलेली. फणस रस्त्यावरून उचलून आणलेला, अंगावर खरखरीत केस, म्हणून फणस. देवेशला आयर्लंडमध्ये नोकरी लागली, एक डिसेंबरला हजर व्हायचं. कुत्र्यांच्या लसी झाल्या, दोघांच्या मानेत वेगवेगळ्या नंबरची चिप बसवली, कागद तयार झाले. अडलं ते भाड्याच्या घरापाशी. आपल्याकडे ‘मटण करता का’ विचारतात, तिकडे ‘कुत्री आहेत का’ विचारतात, एवढाच काय तो फरक. बावीस घरांनी नाही म्हटलं. तेविसाव्या घराची मालकीण, एक म्हातारी, तयार झाली. पण कुत्रं एकच, आणि तेही आधी व्हिडिओवर दाखवा म्हणाली.

गेल्या वर्षीची बारा नोव्हेंबर, बुधवार. अमावस्या नाही, पौर्णिमा नाही. संध्याकाळी सातला देवेश फणसला घेऊन माझ्या दारात.

"काका, याला विचुंब्याला तुमच्या पुतण्याकडे, महादेवकडे सोडतोय. चारुताला तसं सांगितलंय. तिने विचारलंच, तर हो म्हणा."

महादेवचा पत्तासुद्धा त्याने विचारला नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही असेल, दीपेश. मी हो म्हटलं.

गाडी गेली थेट द्रोणागिरीला. गोदामं संपतात, दिवे संपतात, तिथे. फणस पुढच्या सीटवर, खिडकीतून तोंड बाहेर काढून खुशीत. देवेशने त्याला उतरवलं आणि पट्टा काढून घेतला. पट्टा नाही म्हणजे कुत्रं कुणाचंच नाही, असं त्या शहाण्याला वाटलं. मानेतली चिप विसरला. बिस्किटं टाकली, गाडी वळवली. गोदामाचा वॉचमन, शिवा नावाचा, हात करत आडवा आला.

"ओ सायेब, थांबा! कुत्रा मागं धावतोय. तुमचा हाय ना?"

देवेशने काच खाली केली. "माझा नाही."

फणस तोवर गाडीपाशी पोचला होता. धापा टाकत होता, शेपूट हलवत होता. हे देवेशनेच नंतर मला सांगितलं, रडत.

नऊ वाजता चारुता माझ्याकडे आली. "काका, महादेवदादांकडे राहील ना हो तो?"

"राहील की," मी म्हटलं. बेधडक.

रात्री साडेअकराला म्हातारीचा व्हिडिओ कॉल. तिकडे संध्याकाळचे सहा. चारुताच्या मांडीवर काजू. म्हातारी खूश. घर मिळाल्यातच जमा होतं. मग ती बोलता बोलता थांबली... त्यांच्या मागे बघायला लागली.

"तो दुसराही तुमचाच का? दारात बसलाय तो?"

दार बंद होतं. आतून कडी.

काजू मांडीवरून उतरली. दारापाशी गेली. शेपूट हलवू लागली.

"भिजलाय बिचारा," म्हातारी म्हणाली. "चिखलाने माखलाय. आत घ्या की त्याला."

देवेशच्या तोंडून निघालं... "माझा नाही."



"देवेश..." चारुता म्हणाली. "कोण तुझा नाही?"

मग रडारड ऐकून मी बाहेर आलो. त्यांचं दार उघडं. जिन्यात कुणी नाही. देवेशने सगळं ओकलं होतं. चारुताने माझ्याकडे पाहिलं. "काका, तुम्हीसुद्धा?"

एवढंच. अजून झोपू देत नाही ते.

आम्ही तिघं त्याच गाडीने द्रोणागिरीला गेलो. शिवा तिथेच होता. खाली मान घालून म्हणाला, "ताई, सायेब गेले आनि लगेच मागनं कंटेनर आला. गारीमागं धावत व्हता ना तो. मीच पुरला त्याला, मिठागराच्या बांधाला."

सकाळी काजू पाण्यालाही तोंड लावेना, म्हणून चारुताने तिला डॉक्टरकडे नेलं. केसपेपर काढताना ते आधी मानेवर यंत्र फिरवतात, नंबर येतो, की कुत्रं कोणतं ते कळतं. डॉक्टरांनी फिरवलं. थांबले. दुसरं यंत्र आणलं. पुन्हा फिरवलं...

देवेश एकटाच गेला परदेशी. चारुता काजूला घेऊन माहेरी. जाताना माझ्याशी एक शब्द बोलली नाही. दाराच्या फटीतून दोन कागद सरकवून गेली. तेव्हापासून मी कडी लावत नाही. फणस आलाच कधी, तर दार बंद नको.

हे बघ, प्राची. हा फणसच्या चिपचा कागद. आणि ही काजूची डॉक्टरांची चिठ्ठी, तेरा तारखेची. दोन्ही नंबर वाच मोठ्याने.

...वाच ना. शेवटपर्यंत एकच आहे.