कोऱ्या कागदावरच्या ओळी

१९७३ साली मी कोल्हापुरात एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवत होतो. वाचताना माणसाचे डोळे कसे चालतात, हा माझ्या प्रबंधाचा विषय. हनुवटी लाकडी टेकूवर, डोळ्याजवळ दिवा, समोर कागद, बाजूला फिल्मचा कॅमेरा. डोळे ओळीवरून सरकत नाहीत. उड्या मारतात, थांबतात, ओळ संपली की झटक्यात डावीकडे येतात.

तुलनेसाठी निरक्षर माणूस हवा होता. विभागात पाणी भरणाऱ्या सुलतानबीला बसवलं आणि समोर कोरा कागद ठेवला.

फिल्म धुऊन आली. तिचे डोळे वाचत होते. उड्या, थांबे, नवी ओळ.

"काय दिसतं?" मी विचारलं.

"काय न्हाय, सर. नुसतं पांढरं हाय."

मी तिला रोज बसवू लागलो. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "डोळं जळत्यात. आता पुरं करा की."

"नोकरी ठेवायची आहे ना?" म्हणालो, आणि दिवा आणखी जवळ घेतला.

आठव्या दिवशी ती उठली ती थेट भिंतीवर आपटली. दिसणं गेलं होतं. मी वेळ टिपून ठेवली.

चार महिन्यांनी तिची मुलगी मेहमुदा तान्ह्या पोरीला घेऊन आली आणि मला रविवार पेठेतल्या घरी घेऊन गेली. दुपार होती. खोलीत शिलाई मशीनच्या तेलाचा वास. सुलतानबी खाटेवर ताठ बसली होती.

"कुणीबी म्होरं बसलं की त्याच्या तोंडावरनं डोळं फिरवती," मेहमुदा म्हणाली. "वाचल्यागत. शेजारच्या लालासाबच्या चार ओळी झाल्या. चवथ्या दिशी गेलं. माज्या चुलतीच्या दोन. ती दुसऱ्या दिशी."

"योगायोग असतो."

"आसंल. तुमी मोजणारं माणूस. माज्या पोरीचं मोजा. मला बघवत न्हाय."

तिनं तोंड फिरवलं आणि पोरीला आईसमोर धरलं.

सुलतानबीची बुबुळं हलली.

एक उडी. थांबा. दुसरी उडी.

ओळीच्या मध्यावर थांबली.

मग पापण्या मिटल्या.

"किती?" तोंड न वळवता मेहमुदानं विचारलं.

"पुष्कळ," मी म्हणालो. "मोजता आल्या नाहीत."

ती हसली. पोरीला मांडीवर घेतलं, गळ्यातली टेप काढून तिच्या छातीला लावली.

"मग ईदचं झबलं वाढत्या मापाचं शिवती," म्हणाली.