भिंतीपलीकडचं पिवळं पाणी

"उद्या चांदबिबी महालापर्यंत सायकलनं! डबा चांगुणाचा, पाणी माझं!" असं म्हणत दयानं आडात पोहरा सोडला.

१९७१ सालचा मे महिना. भिंगारला दयाच्या परसात हा अरुंद, खोल आड होता. तिचा मावसभाऊ सत्यवान शेवगावहून सुट्टीला आला होता. शेजारची चांगुणा तर दिवसभर इथंच असायची.

पोहरा वर आला आणि तिघं बघतच राहिली. पाणी पिवळं होतं!

"हळद कालवलीस की काय?" सत्यवान हसला.

दया हसली नाही. तिच्या पाच वर्षांच्या भावाला, थॉमसला, सकाळपासून उलट्या होत होत्या. आई त्याला घेऊन दवाखान्यात गेली होती.

"सत्या, काल अंधारात मीच त्याला हे पाणी दिलं रे!"

चांगुणानं धावत जाऊन आरसा आणला आणि उन्हाचा कवडसा आडात पाडला. "ते बघा! एकाच झऱ्यातून पिवळं येतंय. भिंतीकडच्या!"

भिंतीपलीकडे श्रीमंतशेठचा कारखाना होता. तिथं सायकलींच्या हँडलांना चकचकीत मुलामा देत. सत्यवान सरसर भिंतीवर चढला.

"इथंही एक जुना आड आहे! एक माणूस त्यात पिंप ओततोय. पिवळं..."

वीट निसटली. धप्प! सत्यवान पलीकडे पडला!

"सत्या!" दया धडपडत वर चढली. सत्यवान त्या आडाच्या काठावर पालथा पडला होता, पाय आत लोंबत होते. नाकाला झोंबणारा वास येत होता. तेवढ्यात त्या माणसानं त्याला कॉलर धरून मागं ओढलं.

"मरायचंय का पोरा? लई वंगाळ पानी हाय ह्ये!" त्यानं हात पसरले. बोटांवर खोल जखमा होत्या. "दोन वर्सं झाली, भरंनात."

"काका, हे आमच्या आडात उतरतंय! माझा भाऊ आजारी पडलाय!"

तो माणूस, सहादेव, मटकन खाली बसला. "शेठ तर म्हनला, जिमिनीत जिरतंय, कुनाला बाधत न्हाई..."

"सहादेव! कुणाशी बोलतोस रे?" फाटकाकडून आवाज आला.

सहादेवनं सत्यवानला उचलून भिंतीवर ढकललं. दोघं अलीकडे उतरली आणि तिघं भिंतीखाली दबून बसली. जोड्यांची करकर भिंतीपाशी येऊन थांबली. चांगुणानं स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरलं. किती वेळ गेला कुणास ठाऊक! अखेर करकर दूर गेली आणि तिघं दवाखान्याकडे पळत सुटली.

सगळं ऐकून डॉक्टरांनी लगेच आरोग्य निरीक्षकांना बोलावलं. दुपारी निरीक्षक परसात आले, श्रीमंतशेठही आला.

"जुना आड आहे, साहेब. गंज असेल!" शेठ म्हणाला.

दया आत गेली आणि लिंबाच्या सरबताचे पेले घेऊन आली. शेठनं पेला ओठांना लावला.

"आमच्याच आडाचं पाणी आहे, शेठ."

शेठनं पेला असा खाली आदळला, की सरबत त्याच्या धोतरावर सांडलं!

"प्या की," निरीक्षक शांतपणे म्हणाले. "गंजच आहे ना?"

शेठ धोतर झटकू लागला. तेवढ्यात भिंतीवरून सहादेवचं डोकं वर आलं. "साहेब, हिकडं या. कुठं वततो ते दावतो."

निरीक्षक निघाले, तशी दया हळूच म्हणाली, "साहेब, ते पाणी शाळेच्या नळाचं होतं!"

निरीक्षक खो-खो हसले.

कारखान्याला त्याच दिवशी टाळं लागलं. दयाच्या आडावर फळ्या ठोकल्या गेल्या आणि गल्लीतल्या सगळ्या आडांचं पाणी तपासायला गेलं. थॉमस चौथ्या दिवशी घरी आला.

"आमचं पाणी कधी चांगलं होईल?" निरीक्षक पुन्हा आले तेव्हा दयानं विचारलं.

"वर्षं लागतील, पोरी," निरीक्षक म्हणाले. "जमिनीत गेलेलं विष सहज निघत नाही. पण तुम्ही होता म्हणून वेळेवर कळलं. शाब्बास!"

"भीती नाही वाटली?" आईनं विचारलं.

"खूप वाटली! अजून वाटतेय!"

एवढ्यात गल्लीच्या टोकाची रंगुबाई रिकामी घागर घेऊन आली. तिच्या आडाचंही पाणी बिघडलेलं निघालं होतं. तिनं तिघांच्या तोंडावरून हात फिरवला, कडाकडा बोटं मोडली आणि म्हणाली, "माजी चार नातवंडं हायती रं त्या पान्यावर..."