सुनेच्या जागेवरची सही

तो आला तेव्हा मी उशांना अभ्रे चढवत होते, आणि बाहेर सप्टेंबरचा पाऊस आडवा झोडपत होता. हॉटेलातल्या चादरींच्या खोलीच्या दारात एक उंच माणूस येऊन उभा राहिला. हातात छत्री, पण मिटलेली. खांद्यांवरून पाणी ओघळतंय. म्हणाला, "सहा उशा मिळतील का?"

गुड मॉर्निंग नाही, काही नाही, थेट उशा. अशा माणसाला आमच्या बेटावर कुणी उत्तर देत नाही, मग तो मंत्री का असेना. मी हातातला अभ्रा झटकला आणि पुढची उशी घेतली.

बाहेर टॅक्सीचं दार उघडं होतं. आतून एका बाईचा आवाज आला — दम लागलेला, पण धार न गेलेला. "केल्डन, तुला माणसांत वाढवलं मी, की बकऱ्यांत?"

त्याने डोळे मिटून घेतले... उघडले. "गुड मॉर्निंग, मिस."

"गुड मॉर्निंग. सहा कशाला? डोकी किती आहेत?"

"डोकं एकच आहे. पण ते... खाली टेकत नाही."

माझ्या ओठांवर आलेलं हसू तिथेच विरलं. मी त्याला आठ उशा दिल्या.

ती त्याची आई, मिस फिमी. हृदय थकलं होतं, छातीत पाणी भरत होतं. आडवी झाली की श्वास बुडायचा, म्हणून ती बसूनच झोपायची. चाळीस वर्षं तिने आमच्या ग्रेनाडा बेटावरच्या मोठ्या हॉटेलांच्या चादरी धुतल्या होत्या आणि त्यांतल्या एकीवरही कधी पाठ टेकली नव्हती. डॉक्टर आता महिन्यांत बोलत नव्हता, आठवड्यांत बोलत होता. केल्डन त्रिनिदादपलीकडे भर समुद्रात, गॅसविहिरीच्या फलाटावर कामाला — अठ्ठावीस दिवस पाण्यावर, अठ्ठावीस दिवस घरी. त्याने आईला विचारलं, काय हवंय तुला? ती म्हणाली, हॉटेल. एक आठवडा. समुद्रासमोरची खोली.

वादळांच्या महिन्यांत आमच्याकडे कोण येतं? म्हणून तर ते त्याला परवडलं. त्यातून त्या वर्षी समुद्राने शेवाळ ओकलं होतं. किनाऱ्यावर गुडघ्याएवढा तपकिरी थर, त्याला सडक्या अंड्यांचा वास. माझ्या कानातली चांदी त्या वासाने काळी पडली होती. बारा खोल्यांपैकी नऊंना कुलूप. मालकीणबाई मिसेस मॅक्लीश यांनी आचाऱ्यालाही रजा देऊन स्वतः पळी हातात घेतली होती, आणि चार मोलकरणींमधून डिसेंबरपर्यंत एकटीला ठेवलं होतं — मला. एका अटीवर. पाहुणे ते पाहुणे. त्यांच्याशी कुणाचं काही जुळलं, तर त्याच दिवशी घरी. डोंगरावरच्या आमच्या घरात कमावणारी मीच होते, म्हणून मी मान खाली घालूनच काम करायची.

पहिल्या सकाळी मी बिछाना करायला गेले तर बिछाना आधीच तयार. चादर इतकी ताणलेली की वर कोंबडी चालली तर घसरली असती. मिस फिमी खुर्चीत, ओठ निळे पडलेले, धापा टाकतेय आणि चेहऱ्यावर जिंकल्याचं तेज. मी चादर उपसली आणि नव्याने घातली. ती बघत राहिली. शेवटी म्हणाली, डावा कोपरा ढिला आहे. मग लेकाला हुकूम सोडला, नुसता खांबासारखा उभा राहू नकोस, त्या पोरीला चादर धरू लाग.

वाळलेली चादर दोघांनीच घडी करायची असते. तो त्या टोकाला, मी या टोकाला. ताणायची, झटकायची, मग चालत यायचं — दोन पावलं, तीन पावलं — त्याची बोटं माझ्या बोटांवर टेकायची, त्याचे कोपरे माझ्या हाती यायचे, आणि तो वाकून खालची घडी उचलून पुन्हा मागे जायचा. पुन्हा ताण. पुन्हा जवळ. पहिल्या दिवशी तो कोपरे देऊन लगेच मागे सरायचा. तिसऱ्या दिवशी कोपरे द्यायला त्याला जरा वेळ लागू लागला.

"सोडा आता," मी म्हणाले.

"चादर खाली पडली तर आई ओरडेल."

"मीही ओरडेन."

"तुमचं ओरडणं ऐकलं नाही अजून. कसं असतं?"

"महाग असतं. या दिवसांतही सवलत नाही."

खुर्चीतून मिस फिमी म्हणाली, "चादरीला तीन घड्या असतात, पोरांनो. तुमच्या सात झाल्या."

तो कानापर्यंत लाजला. एवढा थोराड माणूस, हातांवर यंत्रांचे डाग, आणि कान लाजतात... मला ते बघवेना आणि न बघताही राहवेना. मिस फिमीने डोळे मिटले आणि धोबीघाटावरच्या बायकांचं गाणं श्वासाश्वासाला तोडत म्हणू लागली —

चादर धुतली खाऱ्या वाऱ्यात, चादर वाळली उन्हात गं,
झोपलं कुणी, उठलं कुणी, घडी माझ्या मनात गं.

तिच्या पायांवरची सूज मात्र रोज बोटभर वर चढत होती. मी दाबून बघितलं की खड्डा पडायचा आणि भरायचाच नाही. केल्डन ते बघायचा आणि खिडकीशी जाऊन शेवाळाकडे पाहत उभा राहायचा.

पाचव्या दिवशी दुपारी, बातम्यांनंतर, रेडिओवर ऑर्गन वाजला आणि मेलेल्यांची नावं सुरू झाली. त्या वेळी सगळ्या बेटाचे चमचे थांबतात, आमचेही थांबले. कोण गेलं, कुठलं, लोक त्याला काय हाक मारायचे, मागे कोण कोण राहिलं. मिस फिमीला एकही यादी पसंत पडेना. हिच्यात शेजारीण नाही, त्याच्यात पुतण्यांचा क्रम चुकला. मग तिने मला कागद आणायला लावला. केल्डन औषध आणायला गेला होता. म्हणाली, माझी यादी तू लिही. त्याला लिहायला लावलं तर कागद भिजेल.

मी लिहीत गेले. मुलगा केल्डन. लग्न त्याचं झालेलं नव्हतं, तरी मग तिने मला 'सून' असा शब्द लिहायला लावला आणि पुढची जागा कोरी ठेवायला सांगितली. जागा धरून ठेवावी, म्हणाली, बसमध्ये धरतो तशी. त्याखाली ब्रुकलिनला असलेल्या दोन बहिणी, त्यांची नऊ मुलं. त्या सगळ्यांना मी एका मोठ्या महिरपी कंसात घातलं आणि कंसाबाहेर एकदाच 'ब्रुकलिन' लिहिलं. मग शेजारणी, चर्चमधल्या बायका, धोबीखान्यातल्या जुन्या मैत्रिणी. कागद काठोकाठ भरला.

"आता सही कर," ती म्हणाली.

"माझी कशाला, टँटी?" मावशीच्या वयाच्या बाईला आम्ही टँटी म्हणतो.

"यादी ज्याने केली त्याची सही लागते. चाळीस वर्षं असंच चाललंय. चादर हरवली तर विचारायचं कुणाला?"

खाली जागाच उरली नव्हती. तिने आपलं सुजलेलं बोट कागदावरून सावकाश फिरवलं आणि एका ठिकाणी टेकवलं. इथे आहे बघ जागा, म्हणाली. मी घाईत होते. दोन नंबरच्या खोलीत टॉवेल द्यायचे होते. बोट होतं तिथे मी पूर्ण नाव लिहिलं आणि उठले.

शेवटच्या सकाळी मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. समुद्राच्या बाजूला त्यांना वास लागायचा. तो चिमटे हातात देत राहिला, एकेक. मग म्हणाला, "नोव्हेंबरात मी पुन्हा उतरेन. तुला... भेटायला येऊ का?"

'तू' म्हणाला. मला ते अंगावरून मोरपीस फिरल्यासारखं वाटलं, आणि म्हणूनच भीती वाटली. सहा वर्षांपूर्वी एक जण कॅनडात टोमॅटो तोडायला गेला होता; बोलावून घेतो म्हणाला होता. बर्फात उभा राहून काढलेला त्याचा एक फोटो आला, त्यानंतर काही नाही. आमच्या बेटावरून माणसं जातात आणि बायका फोटो सांभाळत बसतात.

"सुट्टीत सगळ्यांनाच सगळं खरं वाटतं," मी म्हणाले. "मला कुणाची सुट्टी व्हायचं नाही."

खाली पडलेला चिमटा उचलून त्याने पुसला आणि माझ्या हातावर ठेवला. दुपारी ते गेले. टॅक्सीतून मिस फिमीने माझा हात धरला, नुसताच धरला. तो हात मला ओल्या चादरीसारखा थंड लागला.

बरोबर अकराव्या दिवशी ऑर्गन वाजला तेव्हा मी स्वयंपाकघरात बशा पुसत होते, आणि मिसेस मॅक्लीश कालवणात पळी फिरवत होत्या. युफेमिया फ्लीअरी, टँटी फिमी या नावाने परिचित, वय एकाहत्तर. माझ्या हातातली बशी तशीच राहिली. त्यांच्या पश्चात मुलगा केल्डन... आणि मग त्या जाड, सावकाश आवाजात, सगळ्या बेटाला ऐकू जाईल असं — ब्रुकलिन येथील सून लव्हर्न मोडेस्त.

लव्हर्न मोडेस्त म्हणजे मी.

क्षणात मला तो कागद दिसला. 'सून' या शब्दापुढची कोरी जागा, तिथे माझी सही, आणि महिरपी कंसाचं वरचं टोक तिलाही पोटात घेऊन बसलेलं. केल्डनने तो कागद न वाचताच रेडिओला पाठवला असणार. तो वाचायचं त्याला बळच झालं नसणार. आणि ते बोट... ते बोट चुकून टेकलं नव्हतं.

मिसेस मॅक्लीश यांनी गॅस बंद केला. या बेटावर दुसरी कुणी लव्हर्न मोडेस्त आहे का, एवढंच विचारलं. मी नाही म्हणाले. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, लोक आता माझ्या खोल्यांबद्दल काय काय बोलतील तुला माहीत आहे. उद्या दुपारच्या आत रेडिओवर दुरुस्ती येऊ दे. नाही आली, तर किल्ल्या ठेवून जा.

उत्तरेला त्याच्या गावाकडे जाणाऱ्या बसमध्ये मी बसले ती दुरुस्ती करून घ्यायलाच. पण बसवाल्याने मला ओळखलं आणि गाणं बंद केलं. शेजारच्या अनोळखी बाईने माझा हात हातात घेतला. सासू गेली ना तुझी, म्हणाली. ब्रुकलिनहून कधी आलीस? रंग मात्र राखलास हो तिकडे. मी खुलासा करायला तोंड उघडलं आणि रडायलाच लागले. निळ्या ओठांची ती बाई मेली होती, आणि तोवर तिच्यासाठी रडायला मला कुणी जागाच दिली नव्हती.

घरासमोर मोठ्या पातेल्यात नारळाच्या दुधात नीरफणस शिजत होता. बायका बाजूला झाल्या. सून आली, कुणीतरी म्हणालं, आणि वाट मोकळी झाली. केल्डन उठून उभा राहिला. दाढी वाढलेली, डोळे कोरडे, खोल गेलेले. तो मला मागच्या अंगणात जायफळाच्या झाडाखाली घेऊन गेला.

"मी बघितलंच नाही," तो म्हणाला. "कागद पाठवला आणि... आज ऐकलं तेव्हा कळलं. रेडिओवाल्यांना लगेच फोन केला. चूक आहे म्हणालो. ते म्हणाले, काय वाचायचं ते सांगा."

"मग काय सांगितलंस?"

"थोड्या वेळाने सांगतो म्हणालो." त्याने झाडाच्या सालीवर नख ओढलं. "कालपासून माझ्या आयुष्यात जे जे सांगितलं गेलं ते सगळं खरं होतं, लव्हर्न. तेवढं एकच खोटं होतं. म्हणून जरा वेळ राहू दिलं."

मी त्याला नोकरीचं सांगितलं, आणि कॅनडाहून आलेल्या त्या फोटोचंही. त्याने लगेच खिशातून फोन काढला. एवढं तरी मी नीट करतो, म्हणाला, काढायला सांगतो. पुढे असंही म्हणाला की दहा दिवसांनी त्याला फलाटावर परतावंच लागेल, तो तिथून बोलावणार वगैरे काही नाही, फक्त परत येणार, आणि त्यावर विश्वास ठेव असं म्हणायचा त्याला हक्क नाही. नंबर लावताना त्याचा अंगठा दोनदा चुकला. तिसऱ्यांदा पलीकडे घंटी वाजू लागली.

मी फोन त्याच्या हातातून घेतला.

पलीकडे तोच जाड, सावकाश आवाज. फ्लीअरी कुटुंबातून का? काही दुरुस्ती होती ना? कोण बोलतंय?

घराच्या मागच्या दारात बायका थांबल्या होत्या. डोंगरावर आई माझ्या पगाराची वाट बघत होती. हॉटेलातल्या किल्ल्यांचा जुडगा अजून माझ्या खिशातच होता. तो उद्या पोचवावा लागणार होता. केल्डन माझ्याकडे बघत नव्हता, जमिनीकडे बघत होता.

"सून बोलतेय," मी म्हणाले. "दुरुस्ती लिहून घ्या. त्यातलं ब्रुकलिन काढा."

"ब्रुकलिन काढलं. मग कुठली लिहू?"

"इथली. ती कुठे गेलेली नाही. इथेच असते."

पलीकडे पेनाची खरखर ऐकू आली. त्याने सगळं सावकाश वाचून दाखवलं, मी बरोबर म्हणाले. मग तो म्हणाला, उद्या दुपारी जाईल. आणि बाई, तुमच्या दुःखात मी सहभागी आहे, मुलालाही दोन शब्द सांगायचे होते.

मी रेडिओवाल्याला सांगितलं, मला सांगा, मी कळवते. केल्डन जायफळाच्या खोडाला कपाळ टेकून आता कुठे रडत होता.