वजा एकशे चार

विद्यापीठाच्या उष्णता प्रयोगशाळेत तिला सगळे ‘दशांश’ म्हणत. हे नाव सरांनी ठेवलं होतं. कौतुकानं ठेवलं की वैतागून, हे सरांनाही सांगता आलं नसतं. पाणी उकळायला किती वेळ लागला असं विचारलं, तरी ती दशांशचिन्हानंतरचा एक आकडा सांगे. पूर्णांक हा सभ्य माणसांचा आळस आहे, असं तिचं मत होतं आणि ते ती कुणी न विचारताही सांगे.

प्रयोगशाळा तळमजल्याच्या टोकाला होती. लांबट खोली, उंचावर खिडक्या, भिंतींवरून धावणाऱ्या नळ्या, पंपांची अखंड घरघर आणि मधोमध ‘पेटी’. पेटी म्हणजे खोलीतली खोली. चार पावलं लांब, तीन पावलं रुंद. दीड वीत जाडीच्या भिंती, एक जड दार, दारात तळहाताएवढी गोल काच. पेटीचं बाहेरचं कवच आतल्याइतकंच उबदार राखलेलं असे, त्यामुळे भिंतींतून उष्णता ना बाहेर जाई, ना आत येई. तिला बाहेर पडायला वाट एकच होती: छताखालच्या वेटोळ्यातून फिरणारं गार पाणी. आत किती उष्णता दिली आणि पाण्यानं किती नेली, या दोन आकड्यांचा ताळा जुळला, की प्रयोग खरा.

या पेटीत तिची सहा वर्षं गेली होती. तिनं मेण भरलेली भिंत तयार केली होती. दिवसा उन्हानं मेण वितळावं, संध्याकाळी थिजताना त्यानं ती ऊब घराला परत द्यावी. शेगडी नको, इंधन नको. भिंत उत्तम चालत होती. शेवटची चाचणी तेवढी उरली होती. शुक्रवारी सकाळी अकराला परीक्षा समिती येणार होती. ताळ्यातली तफावत दोन टक्क्यांच्या आत असेल तर प्रबंध मान्य. नसेल तर सहा वर्षांवर पाणी.

सोमवारी तिनं पेटीत चारशे वॅटचा तापक लावला आणि दार बंद केलं. दुपारपर्यंत सगळं स्थिर झालं, आणि पाणी पाचशे चार वॅट घेऊन बाहेर पडू लागलं.

“एकशे चार पूर्णांक दोन जास्त,” ती म्हणाली.

मिस्त्रींनी चष्मा कपाळावर चढवला. पेटीचे पंप, झडपा, नळ्या सगळं त्यांच्या हातचं. निवृत्तीला आठ महिने राहिले होते आणि त्यातला एकही दिवस ते कुणाला विसरू देत नसत. “आडात चारशे आणि पोहऱ्यात पाचशे चार? ताई, हा आड घरी न्यायला हवा.”

दोघांनी पेटी उलटीपालटी केली. पाण्याचं मापक बदललं, तापमापकं बर्फाच्या पाण्यात बुडवून तपासली, तारा नव्यानं जोडल्या. मंगळवारी तापकच बंद करून दार लावलं. आत काही नाही, दिवा नाही, पंखा नाही.

पडद्यावर आकडा आला: १०४.२.

बुधवारी सकाळी तिनं यंत्रानं रात्रभर आपोआप काढलेला आलेख कागदावर उतरवला आणि बराच वेळ बघत उभी राहिली. बिघाडाला स्वभाव असतो, हे तिला ठाऊक होतं. तो हळूहळू वाढतो, किंवा थरथरतो, किंवा खिळ्यासारखा एका जागी बसतो. या आलेखाला स्वभावाऐवजी दिनक्रम होता. रात्री अकरानंतर आकडा पंचाहत्तरवर उतरला होता. सकाळी साडेसहाला एकशे चाळीसवर गेला, वीसेक मिनिटं तिथं राहिला आणि मग पुन्हा एकशे चारवर येऊन निवांत झाला.

“हे तर आमच्या घरातलंच झालं,” मिस्त्री म्हणाले. “झोपला, उठला, हातपाय झाडले आणि बसला. फक्त बायको ओरडलेली दिसत नाही.”

ती हसली नाही. शांत बसलेला माणूस सुमारे शंभर वॅट उष्णता देतो, झोपलेला पंचाहत्तर. हे पहिल्या वर्षाच्या पुस्तकात असतं. पुस्तकात आणखी एक गोष्ट असते, आणि म्हणूनच ती खाली वाकून पेटीबाहेरची बाटली बघू लागली, जिच्यात वेटोळ्यावर धरलेलं दव नळीनं उतरे. पेटीतली हवा कोरडी करून दार लावलं होतं. गार वेटोळ्यावर दव धरायला आत ओलावाच नव्हता. बाटली जवळजवळ भरली होती. तिनं पाणी मोजलं आणि तासांनी भागलं. ताशी शेहेचाळीस मिलिलिटर. एका माणसाच्या श्वासातून आणि घामातून तेवढंच निघतं.

“मिस्त्री,” तिनं सावकाश विचारलं, “या पेटीत कधी कुणाचं काही बरंवाईट झालं होतं का?”

“छे! गोष्टी शोधू नका ताई. इथं कुणाला साधं खरचटलंही नाही.” त्यांनी हात पुसले. “पूर्वी आत माणूस बसायचा, एवढं खरं. ही यंत्रं नव्हती तेव्हा तापमापकं वाचणार कोण? एक बाक होता, वही होती. मी बसलोय, सर तरुणपणी बसलेत, जो मोकळा सापडेल तो बसायचा. आणि प्रत्येक अहवालात शेवटी एक ओळ असायची: माणूस, वजा शंभर. आमची ऊब हिशेबात नको ना. तीस वर्षं रोज एक माणूस आत बसवला आणि रोज वजा केला.”

दुपारी तिनं आलेख सरांपुढे ठेवला. सर या पेटीचेच शिल्पकार; गोरेपान, घाईतले, बोलताना समोरच्याच्या कागदावर स्वतःच्या पेनानं खुणा करणारे. त्यांनी आलेख पाहिला, एकशे चारभोवती वर्तुळ काढलं आणि पेनाचं टोपण लावलं.

“स्थिर चूक आहे. दुरुस्तीपत्रक जोड. ‘पेटीची अंगभूत चूक, वजा एकशे चार पूर्णांक दोन.’ झालं.”

“सर, ती स्थिर नाही. रात्री झोपते.”

“मग दिवसाच मोज.”

“पण आत काहीतरी उष्णता देतंय. ते काय आहे हे न कळता...”

“अगं, सगळं जग वजाबाकीवर चाललंय. घर्षण वजा करतो, गळती वजा करतो. तू काय प्रत्येक वजा केलेल्या गोष्टीची विचारपूस करणार?”

“करणार,” ती म्हणाली. “मी गळती शोधते, मोजते, तिला नाव देते आणि मग वजा करते. नाव न विचारता कुणाला हाकलायचं नाही.”

सरांनी आलेख तिच्याकडे परत सरकवला. “शुक्रवारी तिघांच्या सह्या लागतील. चौथी तुझी. सही नसेल तर पत्रक नाही, पत्रक नसेल तर प्रबंध नाही. नाकापेक्षा मोती जड होऊ देऊ नकोस.”

संध्याकाळी घरी तिनं बाबांना सगळं सांगितलं. बाबा घड्याळजी. जन्मभर डोळ्याला भिंग लावल्यामुळे त्यांची एक भुवई कायमची वर राहिली होती आणि ते प्रत्येक बोलण्यावर किंचित शंका घेत आहेत असं वाटे.

“पुढे जाणाऱ्या घड्याळाचा काटा मागे ओढणारे कारागीर मी पुष्कळ पाहिलेत,” ते म्हणाले. “गिऱ्हाईक खूष होऊन जातं आणि घड्याळ पुढेच जात राहतं.”

“पण आईला वाटतं मी सही करावी.”

“वाटणारच,” आई आतून म्हणाली. “सहा वर्षं तुझ्या मेणाला आम्ही जावई समजून पोसलंय.”

गुरुवारी ती स्वतः पेटीत बसली. विचार सरळ होता. आपल्या शरीराची उष्णता यंत्राला बरोबर मोजता आली, तर यंत्र खरं. आणि यंत्र खरं असेल, तर ते एकशे चारही खरे. मिस्त्रींनी अडगळीतून जुना बाक काढून आत ठेवला. दार बंद झालं आणि पंपांची घरघर एकदम पुसल्यासारखी गेली.

आत काहीही घडलं नाही, हे तिनं नंतर वहीत मुद्दाम लिहिलं. थंड झुळूक नाही, चाहूल नाही, अंगावर काटा नाही. पांढऱ्या भिंती, बावीस पूर्णांक चार अंश तापमान, वेटोळ्यावरून पडणारे थेंब. दोन तास ती मेणाच्या भिंतीकडे बघत बसली. शेवटी उठताना मात्र तिला जाणवलं, की आपण पूर्ण वेळ बाकाच्या अगदी टोकाला, अंग चोरून बसलो होतो. दवाखान्यातल्या बाकावर शेजारी कुणी असलं की आपण बसतो तसं.

बाहेर मिस्त्री पडद्यासमोर होते. आज त्यांना निवृत्तीची आठवण झाली नव्हती.

“दोनशे आठ पूर्णांक चार,” ते म्हणाले. “बरोब्बर दुप्पट. त्याची ऊब तुमच्यापेक्षा जास्त नाही, तुमची त्याच्यापेक्षा जास्त नाही.”

तिनं वहीत लिहिलं: यंत्र खरं आहे.

शुक्रवारी अकराला समिती आली. अध्यक्षबाई मोठ्या विदुषी, आवाज मऊ, निर्णय टणक. दुसरे बाहेरगावचे पाहुणे परीक्षक, त्यांना दुपारची गाडी गाठायची होती. तिसरे सर. तिघांनी मेणाची भिंत वाखाणली, आलेख चाळले. मग सरांनी दुरुस्तीपत्रक पुढे केलं. अध्यक्षबाईंनी सही केली, पाहुण्यांनी उभ्या उभ्या केली, सरांनी केली. पेन तिच्यासमोर आलं.

“मी वजा करणार नाही,” ती म्हणाली.

पाहुण्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

“बाळ,” अध्यक्षबाई म्हणाल्या, “हे एकशे चार काय आहे, तुला ठाऊक आहे का?”

“नाही.”

“मग ठेवतेस कशाला?”

“ते आहे म्हणून. मला न समजणं हा माझा दोष आहे, त्याचा नाही.”

“त्याचा!” सर हसले. “बघितलंत? आता हिचं त्याच्याशी नातंही जुळलं.”

“यंत्रावर विश्वास नसेल, तर हातच्या कंकणाला आरसा कशाला?” ती म्हणाली. “आपण तिघे आत बसा. अर्धा तास. आकडा सुमारे तीनशेनं वाढला, तर यंत्र खरं; मग एकशे चार जसेच्या तसे अहवालात जातील. नाही वाढला, तर यंत्र खोटं असं मी स्वतः लिहून देते.”

पाहुण्यांच्या गाडीला अजून अवकाश होता. तिघेही हसत आत गेले. मिस्त्रींनी दार लावलं. पडद्यावर १०४.२ होतं.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. काल तिच्या एकटीसाठी आकडा चौथ्या मिनिटाला हलला होता.

“१०४.२,” मिस्त्री कुजबुजले.

ती गोल काचेपाशी गेली. तिघे आत होते. बाकावर बसून बोलत होते. सर हातवारे करून काही सांगत होते, अध्यक्षबाई मान डोलावत होत्या. ती बाटलीकडे वळली. थेंब आधीच्याच गतीनं पडत होते. एका माणसाच्या गतीनं.

वीस मिनिटं. पंचवीस.

१०४.२.

“ताई,” मिस्त्री म्हणाले, “दार उघडू?”

“तीस होऊ द्या.”

तिसाव्या मिनिटाला दार उघडलं. तिघे जसे गेले तसेच बाहेर आले, हसत, एकमेकांना वाट देत.

“किती वाढला?” सरांनी विचारलं.

“वाढला नाही.”

“म्हणजे तीन धडधाकट माणसं तुझ्या यंत्राला दिसली नाहीत!” पाहुणे खुशीत म्हणाले. “मिटलं की मग.”

“कर बाळ सही,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

सरांनी पेन पुढे केलं. ते घेताना त्यांची बोटं तिच्या बोटांना लागली. ती थंड नव्हती. गरमही नव्हती. टेबल किंवा दाराची मूठ हाताला लागावी, तशी लागली. तिनं पेन खाली ठेवलं. स्पर्श हा पुरावा नव्हे, असं ती विद्यार्थ्यांना शिकवत आली होती. तिनं खणातून त्वचेला चिकटवायचं तापमापक काढलं.

“सर, एक मिनिट हात द्या.”

“घे बाई, हाही घे.” सरांनी हसत तळवा पुढे केला.

आकडा जराही न हेलकावता आला: २२.४, पेटीतल्या हवेइतकाच.

तिनं ते काढलं आणि स्वतःच्या तळव्याला लावलं. ३३.६. मिस्त्रींनी न सांगता हात पुढे केला. ३२.९. मग तिनं ते पुन्हा सरांच्या तळव्याला लावलं आणि पूर्ण मिनिटभर धरून ठेवलं.

२२.४.

मिस्त्री भिंतीपर्यंत मागे सरकले. ती जागची हलली नाही. तिनं वही ओढली, दुरुस्तीपत्रकावर आडवी रेघ मारली, आणि कोऱ्या पानावर शाईनं लिहिलं: तीन व्यक्ती, शून्य वॅट. खाली सरांच्या तळव्याचं तापमान दशांशासकट लिहिलं. त्याखाली स्वतःची सही केली, आणि वही तिघांसमोर सरकवली.

सरांनी ती ओळ वाचली. अध्यक्षबाईंनी वाचली. पाहुण्यांनीही वाकून वाचली. कुणाला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

“अगं, एवढंच ना?” सर प्रेमानं म्हणाले. “मग आम्हालाही वजा कर.”