काही दोष आढळला नाही

गाडी सकाळी गॅरेजमध्ये सोडायची आणि संध्याकाळी परत आणायची, एवढंच काम होतं. निवृत्त माणसाला असलं काम आवडतं. दिवस भरतो आणि आपल्यावाचून जगाचं अडतंय असं वाटतं. पहिल्या खेपेला मलाही तसं वाटलं. पाचव्या खेपेनंतर वाटण्यासारखं फारसं काही उरलं नाही.

दुखणं सांगायला सोपं होतं. चालत्या गाडीचं इंजिन बंद पडायचं. धक्का नाही, खोकला नाही, धूर नाही. सरळ रस्त्यावर, दिवसाउजेडी, चाळीसच्या वेगात एकदम शांत. मग टायरांचा तेवढा आवाज ऐकू यायचा, तोही बारीक होत जाणारा, आणि स्टिअरिंग दगडासारखं जड. कशीबशी कडेला घेऊन किल्ली फिरवली की गाडी लगेच सुरू व्हायची.

मी साताऱ्याहून बदली होऊन म्हैसूरला आलो त्याला वीस वर्षं होऊन गेली. इथल्या एका सरकारी संस्थेत हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो आणि इथंच राहिलो, कारण हवा चांगली आणि नातेवाईक लांब. सवयीप्रमाणे मी गाडीचीही फाइल उघडली. तारीख, वेळ, ठिकाण, वेग, दिवे, वास, सोबत, शेरा असे रकाने पाडले. वासाचा रकाना मुद्दाम घातला, कारण प्रत्येक वेळी गाडीत एक वास यायचा. नुकत्याच मालवलेल्या वातीचा.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गगन नावाचे एक टायवाले गृहस्थ होते. त्यांनी फाइल उघडलीही नाही. गाडीला संगणक जोडला, संगणकानं विचार केला आणि एक कागद बाहेर आला. त्यावरच्या इंग्रजीचा मराठी अर्थ एवढाच, की काही दोष आढळला नाही. तरीही त्यांनी प्लग बदलले. पुढच्या खेपेला पेट्रोलचा पंप बदलला. तिसऱ्या खेपेला एक सेन्सर बदलला, ज्याचं नाव त्यांनाही दोनदा वाचावं लागलं. त्यांची माणसं गाडी चालवून बघायची तेव्हा ती कधीच बंद पडली नाही. "सर, व्हेइकल इज परफेक्ट," असं म्हणताना ते गाडीकडे नाही, माझ्याकडे बघायचे.

चौथ्या वेळी नंजनगुड रस्त्यावर मागून टँकर येत होता. इंजिन गेलं, मी कडेला घेईपर्यंत टँकर डावीकडून निघाला आणि कमलिनीच्या बाजूचा आरसा घेऊन गेला. कमलिनी म्हणजे माझी बायको. तिला गाडीत हमखास झोप लागते. माझ्या चालवण्यावरचा तिचा तो अभिप्राय आहे, चांगला की वाईट ते मी विचारलेलं नाही. काच फुटल्याच्या आवाजानं ती जागी झाली.

त्या शनिवारी आमचा मुलगा अनुराग बंगळूरहून आला. चहा झाल्यावर त्यानं विषय काढला.

"बाबा, रागावू नका. चुकून किल्ली तुम्हीच फिरवत नसाल ना?"

"चालत्या गाडीत?"

"तुम्ही परवा गॅस बंद करायला विसरलात, आई सांगत होती."

"गॅस चालू राहिला. इंजिन बंद पडतं. विसरण्यात थोडी तरी सुसंगती असू दे."

तो हसला नाही. सोमवारी मला स्मरणशक्तीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेण्यात आलं. त्यांनी शंभरातून सात-सात वजा करायला लावले आणि अकरा वाजून दहा मिनिटांचं घड्याळ काढायला लावलं. आयुष्यभर कचेरीत घड्याळाकडेच बघत बसलेल्या माणसाला ही परीक्षा सोपी होती. "सध्या तरी काही दोष दिसत नाही," असं त्या म्हणाल्या. त्यातला 'सध्या' अनुरागनं नीट ऐकला. जाताना त्यानं सांगितलं, आणखी एक मेकॅनिक बघा. गाडीत दोष निघाला तर ठीक. नाही निघाला तर किल्ली माझ्याकडे द्यायची, आणि पुढचं डॉक्टर सांगतील तसं.

थोडक्यात, दोष कुठंतरी होता. गाडीत नसला तर तो माझ्यात होता.

अग्रहार भागात महादेवरावांचं गॅरेज आहे. त्यांचे पूर्वज कुठल्याशा मराठी पलटणीबरोबर म्हैसूरला आले; पलटण गेली, हे राहिले. घरात मराठी बोलतात, पण कानडीची फोडणी देऊन. सत्तरीचा माणूस, कानात कापूस, आणि तरी इंजिनाचा आवाज पलीकडच्या गल्लीतून ओळखणारा. त्यांनी संगणक जोडला नाही. स्टुलावर बसून माझी फाइल पहिल्या पानापासून वाचली. मला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली.

"सदाशिवराव, दिव्यांच्या रकान्यात सगळीकडे 'नाही' लिहिलंय. हे काय?"

"इंजिन बंद पडल्यावर समोरचे लाल दिवे लागत नाहीत. सगळंच काळं होतं. रेडिओसुद्धा गप्प."

"अय्यो! हे त्या टायवाल्याला सांगितलं काय?"

"फाइलमध्ये आहे."

"इंजिन आपोआप मेलं की लाल दिवे लागतात. लागलेच पायजेत. सगळं काळं झालं म्हणजे..." त्यांनी हवेत किल्ली फिरवून दाखवली. "ते मेलं नाही. कोणतरी बंद केलंय."

मग माझा चेहरा बघून म्हणाले, "सुम्ने, उगाच घाबरू नका हो. किल्लीमागचा स्विच सैल झाला की असंच होतं." त्यांनी स्विच बदलला. नवी किल्ली दिली. "पुढच्या वेळी परत सुरू करायच्या आधी किल्ली कुठं हाय ते बघा. नुसतं बघा."

चार दिवसांनी मी बघितलं. कुवेंपुनगरच्या चढावर, सकाळी दहा वाजता. वातीचा वास आला, गाडी गप्प झाली आणि मी किल्लीकडे पाहिलं. ती 'बंद'वर होती. अगदी व्यवस्थित, जशी मी रोज घरी आल्यावर करतो तशी. मी स्वतःच्या हातांकडे बराच वेळ बघत बसलो. कचेरीत दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात माझी हयात गेली. आपल्या हातांवर संशय घ्यायची वेळ पूर्वी कधी आली नव्हती.

महादेवरावांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. फाइल पुन्हा मागितली आणि एका रकान्यावर काळं बोट ठेवलं.

"सोबत. क., क., क. हे क. कोण?"

"कमलिनी."

"एकटे असताना एकदापण नाही?"

मी पानं उलटली. पाच नोंदी, पाचही वेळा कमलिनी. शेऱ्यात मीच लिहिलं होतं, 'क. झोपलेली.' माझ्या अक्षरात, माझ्या फाइलमध्ये, आणि मला ते दिसलं नव्हतं. गगनच्या माणसांसमोर गाडी का बंद पडली नाही, हेही त्यातच होतं.

"पहिल्यांदा झालं त्या दिवशी कुठं गेला होता?"

"कडकोळला. सयाजीराव गेले, आमच्या ऑफिसचे ड्रायव्हर. त्यांच्या घरी भेटायला."

"सयाजी? तो माझा सोयराच की." ते थांबले. "तिथं काय झालं?"

खरं तर काही झालं नव्हतं. सयाजीरावांची बायको वनजाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. आम्ही अर्धा तास बसलो. उठताना कमलिनी सवयीनं म्हणून गेली, "येते हं." सुतकाच्या घरातून निघताना असं कोणी म्हणत नाही, गुपचूप उठून यायचं असतं, हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पण तोंडातून शब्द गेला. वनजाबाईंनी मान वर केली नाही. आतल्या अंधाऱ्या खोलीतून मात्र कोणीतरी शांतपणे म्हणालं, "हूं, बन्नी." म्हणजे, हो, या. मला वाटलं घरातलं कोणी म्हातारं माणूस असेल. परतताना गाडीत मी तिची थट्टासुद्धा केली. म्हटलं, आमंत्रण मागितलंस आणि मिळालंही. ती चिडून झोपली. आणि मैलभरात इंजिन बंद पडलं.

महादेवरावांनी कानातला कापूस काढला, पुन्हा घातला.

"आतल्या खोलीत कोण होतं? सयाजीच्या घरात वनजाशिवाय कोण नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला आम्ही तिघं कडकोळच्या रस्त्यानं निघालो. कमलिनी माझ्या शेजारी, महादेवराव मागं, दोन सीटांच्या मधून पुढं झुकलेले. तिला एवढंच सांगितलं होतं की गाडी तपासायची आहे. "तपासा, मी आहेच झोपायला," असं म्हणून तिनं खिडकीला डोकं टेकलं. आभाळ भरलेलं होतं. शहर मागं पडलं, कारखान्यांच्या भिंती सुरू झाल्या, पाळी सुटायला वेळ होता म्हणून रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. कमलिनीचा श्वास संथ झाला. इंजिनाची घरघर आणि तिचा श्वास एका लयीत चालले होते... ते त्याआधी माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

मग तो वास आला.

"सदाशिवराव," मागून अगदी हळू आवाज आला, "हात स्टिअरिंगवर ठेवा. दोन्ही."

"ठेवलेत."

"हलवू नका... काय झालं तरी हलवू नका..."

टिक्.

एवढाच आवाज झाला. गाडी आपल्याच वेगानं पुढं जात राहिली, टायर खरखरत राहिले. माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर पांढरे पडले होते. खाली बघायचा धीर मला झाला नाही. गाडी थांबली तेव्हा महादेवराव एकदम ओरडले, "बाईंना उठवा! आधी त्यांना उठवा!"

मी तिला हलवलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तिनं डोळे उघडले आणि कुरकुरली, "काय हो हे, जरा डोळा लागला होता."

शहाळंवाल्याच्या झाडाखाली महादेवरावांनी मला बाजूला घेतलं. त्यांनी एक शहाळं फोडून घेतलं होतं.

"तुमचा हात नव्हता."

माझ्या छातीवरचा दगड उतरला. इतक्या दिवसांत कोणीतरी पहिल्यांदा खरं निदान केलं होतं. मग मला त्या वाक्याचा उरलेला अर्थ कळला.

"कमलिनीचा?"

"त्यांचे दोन्ही मांडीवर होते."

"सयाजीराव...?"

"सयाजी असता तर काळजी नव्हती. त्याचा हात मी ओळखतो, चाळीस वर्षं बघितलाय. हा तो नव्हे." त्यांनी शहाळं न पिताच खाली ठेवलं. "घाई नव्हती त्याला. घर आलं की गाडी बंद करतात ना... तसं केलं."

संध्याकाळी अनुरागचा फोन त्यांनाच आला. मी समोर उभा होतो. महादेवराव माझ्याकडे न बघता म्हणाले, "होय, मी बघितलं. वडीलच किल्ली फिरवतात. गाडी विकून टाका." फोन ठेवून म्हणाले, "माफ करा. दुसऱ्या कोणाचं नाव सांगणार?"

त्यांनी ते आमच्या भल्यासाठी केलं, हे मला मान्य आहे. गाडी एच. डी. कोटे गावच्या एका गृहस्थांनी घेतली. मी अधिकृतरीत्या विसराळू झालो आणि रात्री एक पांढरी गोळी घेऊ लागलो. पंधरा दिवसांनी कोटेहून फोन आला. गृहस्थ खूश होते. गाडी लोण्यासारखी चालते, एकदासुद्धा बंद पडली नाही, एवढी चांगली गाडी विकलीत कशाला? फोन ठेवल्यावर मी हिशेब मांडला. दोष गाडीत नव्हता. माझ्यातही नव्हता. आता उरलं कोण?

त्याच आठवड्यात कमलिनीचा श्वास पहिल्यांदा थांबला. दुपारी, झोपेत. धाप नाही, घोरणं नाही, एकदम शांत. मी चाळीसपर्यंत मोजलं, मग हलवलं, आणि तो लगेच सुरू झाला. डॉक्टरांनी तिच्या छातीचा आलेख काढला, बोटाला चिमटा लावला, एक रात्र वायरी लावून झोपवलं. त्या रात्री ती लहान मुलासारखी झोपली. कागदावर काय लिहून आलं ते मी वाचलंच नाही, मला पाठ होतं.

"बाबा, तुम्हाला भास झाला असेल," अनुराग फोनवर म्हणाला. तो आता माझ्याशी फार मऊ बोलतो. "गोळी घेताय ना?"

म्हणून मी तिला दुपारी झोपू देत नाही. भांडी पाडतो, दारावरची बेल उगीच वाजवतो, वर्तमानपत्रातले अग्रलेख मोठ्यानं वाचतो. "डोकं फिरलंय तुमचं," असं ती म्हणते, आणि मुलाला फोनवर तेच सांगते. तरीही दोन-चार दिवसांत केव्हातरी तिचा डोळा लागतोच.

आज दुपारी लागला. मी पाणी प्यायला उठलो होतो, परत आलो तर ती भिंतीकडे तोंड करून निजलेली आणि खोलीत काहीच ऐकू येत नव्हतं. मी तिला हलवलं. हलवत, मोजत राहिलो. बासष्टला श्वास सुरू झाला, नंतर ती उठली, आम्ही चहाही घेतला. पण त्याआधी जे झालं त्यासाठी माझ्या फाइलमध्ये रकाना नाही.

पन्नासच्या सुमाराला, श्वास नसताना, तिचे ओठ हलले. "बंद्वा?" असं तिनं विचारलं. 'साकु' म्हणजे पुरे आणि 'एष्टु' म्हणजे किती, एवढं सोडून तिला वीस वर्षांत कानडीचा शब्द आलेला नाही. बंद्वा म्हणजे, आलो का आपण? मला तिनं विचारलं नव्हतं. कोणाचं तरी उत्तर नीट ऐकून घ्यावं तशी ती क्षणभर थांबली, मान हलवली, आणि गाडीतून उतरण्याआधी बायका सावरतात तसा डोळे मिटूनच तिनं पदर सावरला.