न कापलेला शॉट

ही गोष्ट खरी आहे. पटली तर पटली. नाही पटली तर मी वाद घालणार नाही. वाद घालण्याइतकं बळ त्या माणसाने माझ्यात ठेवलेलं नाही.

भुताच्या गोष्टीला रात्र लागते म्हणतात. ही भर दुपारची आहे, तळघरातल्या एका साउंड स्टुडिओतली. बाहेर चक्क ऊन होतं.

मी सिनेमाचे आवाज जुळवते. पावलं, दारं, वारा, श्वास... पडद्यावर जे ऐकू येतं, ते मी बसवलेलं असतं. माझी मोठी बहीण, ताई, ह्याच धंद्यात होती. हिरॉइनची डुप्लिकेट. उडी तिची, आपटणं तिचं, टाळ्या हिरॉइनला. तिचा चेहरा पडद्यावर कधी आलाच नाही. आई तिला चिडवायची, "तुझी पाठ तेवढी फेमस आहे गं!"

ही गोष्ट ज्या थ्रिलरची, त्याचा पहिला सीन ताईच्या जिवावर उभा होता. ऑफिसची रिकामी इमारत. एक बाई जिना चढते आहे. कॅमेरा तिच्या पाठीमागे, अगदी हळू. एकही कट नाही. संगीत नाही. खालचा मजला अंधारतो, मग त्याच्या वरचा. वरून कुणाची तरी पावलं ऐकू येतात. दिसत कुणीच नाही.

"प्रेक्षकाला काही दाखवायचंच नाही," डायरेक्टर सगळ्यांना शिकवत फिरायचा. "कट केला की तो श्वास घेतो. घेऊ द्यायचा नाही. आधी त्याचा कान रिकामा करायचा... मग दणका!"

हुशार माणूस. त्याच्या हुशारीला मी नावं ठेवत नाही.

ठरलं होतं असं, की ताई वळणावरचा कठडा धरेल, मग लाइट जाईल, मग ती कठड्यावरून खाली अंथरलेल्या गादीवर पडेल. पण डायरेक्टरला खरी दचक हवी होती. म्हणून त्याने लाइटवाल्याच्या कानात सांगितलं, तिचा हात कठड्याला लागायच्या आधीच लाइट घालव.

ताईला सांगितलं नाही.

अंधारात तिचा हात कठड्याला लागलाच नाही. तोल गेला. गादी एका बाजूला राहिली आणि ती दुसऱ्या.

लाइटवाला आमच्या दारात येऊन रडला, तेव्हा मला हे कळलं. आईला मी काही बोलले नाही. तिला एवढंच माहीत होतं, की पाय घसरला. बाकीचं कळलं असतं तर तिने हाय खाल्ली असती.

मग डायरेक्टर भेटायला आला. आईसमोर हात जोडून म्हणाला, "तिचं काम मी वाया जाऊ देणार नाही." मला वाटलं, नुसतं बोलायचं म्हणून बोलतोय. पण तो शॉट तो खरंच ठेवणार होता! माझ्या बहिणीचं मरण, सिनेमाची सुरुवात म्हणून!

साउंडचं काम मी मागून घेतलं. लोकांनी तोंडात बोटं घातली. पण आत शिरल्याशिवाय तो शॉट मला काढता आला नसता. मला एकच हवं होतं, आईच्या नजरेस तो पडू नये.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. शूटिंग आटपलं की त्या जागेची नुसती शांतता रेकॉर्ड करतात. सगळे जिथल्या तिथे उभे राहतात, कुणी खोकतसुद्धा नाही. प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते. ती नंतर सीनमधल्या बाकी आवाजांखाली अंथरायची असते.

ताईला अँब्युलन्समध्ये घातलं, आणि डायरेक्टर म्हणाला, "शांतता घेऊन टाका. ही जागा पुन्हा मिळायची नाही."

आणि सगळे उभे राहिले. मुकाट्याने! एकालाही लाज वाटली नाही.

काम हाती आल्यावर एका दुपारी, तळघरातल्या स्टुडिओत, मी ती शांतता ऐकायला घेतली.

पंख्याची घरघर. लांबून एक गाडी. मग...

पाऊल.

पुन्हा एक.

कुणीतरी जिना चढत होतं. सावकाश, मध्येच थांबत. वळणापाशी आल्यावर तोंडाने दोनदा हवा सोडली... फू... फू...

उडी मारण्याआधी ताई अशीच करायची.

मी रेकॉर्डिस्टला फोन लावला. "शांतता घेताना जिन्यावर कोण होतं?"

"कोण असणार? आम्ही सगळे खालीच होतो. तुझ्या ताईला नुकतंच नेलं होतं."

ती वाटेतच गेली, असं डॉक्टर म्हणाले होते.

मी हेडफोन काढून ठेवले, तोच डायरेक्टर सीन बघायला आला.

"सर, शेवटचं सांगते. हा शॉट काढा."

"वेड लागलंय का तुला? असलं सोनं कुणी फेकून देतं?"

सोनं म्हणाला. माझ्या तोंडावर. टेबलावरचा कॉफीचा मग मी त्याच्या डोक्यात घातला नाही, ह्याचं मला अजून वाईट वाटतं.

"लाव सीन," म्हणाला.

लावला. ताईची पाठ. जिना. त्याला हवं होतं तसे मी आवाज एकेक करून बंद करत नेले होते. पंखा गेला. गाडी गेली. खोलीत काही उरलं नाही...

पाऊल.

"वा!" तो खुर्चीत पुढे सरकला. "मागच्या स्पीकरमधून आणलंस? झकास!"

मागच्या स्पीकरला मी काही दिलंच नव्हतं.

मी मशीन थांबवलं. पडद्यावर ताई एका पायरीवर थिजली. पावलं मात्र थांबली नाहीत.

"पुरे. बंद कर आता."

"बंदच आहे, सर."

खोलीत कार्पेट होतं. आवाज दगडी पायऱ्यांचा होता. तो त्याच्या खुर्चीमागे आला... थांबला.

फू... फू...

आणि लाइट गेली.

डायरेक्टर ओरडला. तशी किंकाळी मी कुठल्याच सिनेमात ऐकलेली नाही. खरी भीती हवी होती ना त्याला? घे म्हटलं! मला जरासुद्धा दया आली नाही.

लाइट आली तेव्हा तो जमिनीवर होता, खुर्चीचा पाय दोन्ही हातांनी आवळून. उठला, घाम पुसला. आणि एवढं होऊनही दारातून जाताना निर्लज्जपणे म्हणाला, "शॉट राहील."

सिनेमा लागला. तुफान चालला. आईला मी शपथ घातली होती, जाऊ नकोस म्हणून. ती शेजारच्या काकूंना घेऊन गेली. परत आली ती तशीच खुर्चीत बसली.

"लाइट आधीच घालवली होती ना गं?"

"कुणी सांगितलं तुला?"

"तीच म्हणाली की, पडताना. 'आई, लाइट लवकर घालवली गं.' काकूंना विचारलं, ऐकलंत का? तर म्हणे कुणी काही बोललंच नाही."

त्या सीनमधला एकेक आवाज मी माझ्या हाताने बसवला आहे. त्यात बोलणं नाही. एक अक्षर नाही.

तेव्हापासून आई रोज पहिल्या खेळाला जाते. सीन सुरू झाला की ओरडते, "थांब बाळा, पुढे जाऊ नकोस!" लोक वैतागतात. ती सीन संपला की उठून घरी येते.

काल डायरेक्टरचा फोन आला. आवाज ओळखू येईना.

"काढतो मी तो शॉट. सगळ्या थिएटरांतून. तू फक्त पुढचा आवाज नीट जोडून दे... आणि तुझ्या ताईला सांग ना, माझ्या घरच्या जिन्यावरून निघून जा म्हणावं."

हेच तर मी मागत होते! आईला सांगायला धावतच गेले. ती नुकतीच थिएटरातून आली होती. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा टवटवीत दिसत होता.

"आज ऐकलं तिने माझं," ती म्हणाली. "पायरीवरच थांबली. लाइट गेली तरी हलली नाही. लोक दचकले, त्यांना ती पडलेली दिसली असेल. मला नाही."

शॉट कापणार आहेत, असं मी तिला सांगितलं. तिने माझं मनगट धरलं. घट्ट, दुखेल इतकं.

"कापायचं नाही. कापलंत तर उभी कुठे राहील ती?"

आज सकाळपासून फोन वाजतोय. त्याचाच आहे, मी उचललेला नाही. आई चपला घालून दारात उभी आहे. आज मलाही चल म्हणते आहे.